हनुवटी थोडी खाली

तिने माझ्या हनुवटीखाली अंगठा दाबून धरला, मनाशी काहीतरी मोजलं, अंगठा उचलला आणि म्हणाली, “वा! काय सुंदर खड्डा पडलाय!” मी दचकलोच. सत्तरीला टेकलेल्या माणसाचं कौतुक करायचं तर लोक तब्येतीचं करतात, स्मरणशक्तीचं करतात, फारच नाइलाज झाला तर स्वभावाचं करतात. गळ्यावर पडलेल्या खड्ड्याचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने लगबगीने गोल आरसा माझ्यापुढे धरला. पाहतो तर खरंच, हनुवटी आणि गळा यांच्यामधल्या फुगवट्यात, जिथे एकेकाळी माझी बऱ्यापैकी रेखीव अशी जबड्याची कड होती तिथे, अंगठ्याएवढी खळी पडली होती आणि आमच्या देखत हळूहळू भरून येत होती. “मागच्या वेळी अंगठा आत जातच नव्हता काका,” ती म्हणाली. “दगड होता नुसता. आता मऊ पडलंय. मऊ आहे म्हणजे आत पाणी आहे, आणि पाणी असलं की ते हलवता येतं.” कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली माझी बायको लगेच म्हणाली, “मऊच पडलेत ते. घरीसुद्धा हल्ली उलटून बोलत नाहीत.” आणि मी हसलो. वर्षभर माझं हसणं अर्ध्यावरच थांबायचं, कारण गळ्याचं कातडं पुढे येऊ द्यायचं नाही. आज ते थेट शेवटपर्यंत गेलं, खांदे हलेपर्यंत, आणि मग खुर्चीत तसाच ऐसपैस सैल होऊन मी बसून राहिलो.

ती म्हणजे या दवाखान्यातली सूज मोजणारी थेरपिस्ट. वयाने आमच्या मुलीपेक्षाही लहान, गळ्यात पिवळी मोजपट्टी अडकवून फिरणारी, म्हणून घरी आम्ही तिला टेपवाली म्हणतो. तिची खोली लहान आणि फार स्वच्छ आहे. एक पलंग, दोन सरळ पाठीच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला संगणक, जमिनीवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या, पेशंटने कुठे बसायचं आणि कॅमेऱ्याचा स्टँड कुठे ठेवायचा ते दाखवणाऱ्या. खिडकीतून डावीकडून उजेड येतो. हा उजेड मला पहिल्या दिवशीच आवडला होता, कारण असा उजेड मिळावा म्हणून मी माझ्या स्टुडिओत उमेदीच्या काळात दोन भिंती पाडल्या होत्या. आज स्टँड रिकामा होता, कॅमेरा भिंतीजवळ चार्जिंगला लावलेला. “तो उपाशी आहे आज,” टेपवाली म्हणाली. “त्याचं पोट भरेपर्यंत आपण मापं घेऊन टाकू. फोटो नंतर.” एरवी आधी फोटो आणि मग मापं असा शिरस्ता. मला काय, कुठूनही सुरुवात केली तरी गळा तोच.

गळ्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी, की घशाच्या कडेला एक गाठ निघाली, ती काढली, तिच्याबरोबर मानेतल्या आणखी काही गाठी काढल्या, वर रेडिएशन दिलं. आणि सगळं पार पडून मी घरी येऊन बसलो, तेव्हा हनुवटीखाली हे बिऱ्हाड येऊन राहिलं. शरीरात म्हणे रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरत असतं. रंग नाही, घाई नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपलं निमूटपणे झिरपत असतं. त्याच्या वाटा मानेतून जातात. माझ्या त्या वाटा थोड्या कापल्या गेल्या, थोड्या भाजल्या गेल्या, म्हणून ते बिचारं पाणी वाट मिळेना तेव्हा हनुवटीखालीच बसकण मारतं. रात्रभर आडवं पडलं की सकाळी जास्त, दिवसभर उभं वावरलं की संध्याकाळी कमी. म्हणून मापं नेहमी सकाळी एकाच वेळेला, आणि एकाच हाताने. दुसऱ्या हाताने पट्टी धरली की ती वेगळी आवळली जाते. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांनी मला कापलं त्यांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “मोजत राहायचं. सूज उतरतेय तोवर माझं काही म्हणणं नाही. पण उतरून पुन्हा चढायला लागली, तर मला पुन्हा आत बघावं लागेल.” आत बघावं लागेल म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कळायचं ते कळलं होतं. ते गेलंय असं आपण धरून चाललो होतो ते कदाचित गेलेलंच नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्या दिवसापासून मी आणि बायको ‘आत’ हा शब्द जपून वापरतो. ती मला दार वाजलं की “या ना घरात” म्हणते, “आत या” म्हणत नाही. मी हे ओळखलंय हे तिला ठाऊक आहे, आणि दोघंही मूग गिळून बसलो आहोत.

टेपवालीने भुवया रंगवायची पेन्सिल काढली आणि माझ्या तोंडावर ठिपके द्यायला लागली. कानापुढचा तो छोटा उंचवटा, जबड्याचा कोपरा, हनुवटीचं टोक, गळ्याच्या तीन रेघा. पेन्सिलीचं टोक गार आणि मऊ होतं. डोळे मिटले की मला तो आमच्या स्टुडिओतला वास येतो, औषधांचा, ओल्या कागदाचा आणि पेन्सिल तासल्यावर येतो तो लाकडाचा. कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची पेन्सिल ही माझ्या बायकोची होती. मी फोटो काढायचो आणि ती निगेटिव्ह सुधारायची. उतरत्या काचेच्या टेबलाशी, खालून दिवा, डोळ्याला भिंग, हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं जे जे त्याला नको ते सगळं ती एका एका ठिपक्याने घालवायची. डोळ्यांखालची वर्तुळं, गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरच्या चिंता. आणि दुहेरी हनुवट्या. अर्ध्या गावाच्या दुहेरी हनुवट्या माझ्या बायकोने पुसल्या आहेत असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बायका तिला वचकून असायच्या, कारण बाजारात समोरून आली की ती यांच्या खऱ्या हनुवटीकडे बघणार हे त्यांना ठाऊक असायचं. आणि आता नियतीला म्हणा किंवा आणखी कुणाला म्हणा, गंमत सुचली आणि तिच्याच नवऱ्याला, रोज सकाळी डोळ्यांपुढे, पेन्सिलीने न जाणारी हनुवटी मिळाली.

पेन्सिलीने जात नाही म्हणून ती हाताने घालवते. रोज दोनदा. टेपवालीने तिला शिकवलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण सूज गळ्याला आणि सुरुवात करायची काखेत. “आधी पुढची वाट मोकळी करायची काकू, मग मागचं पाणी सोडायचं,” टेपवाली म्हणाली. “आणि चोळायचं नाही हं. कातडं नुसतं सरकवायचं, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट करतोय.” बायकोला हे एका दिवसात जमलं. तिचा हात मुळातच हलका. जन्मभर तिने माणसांच्या तोंडाला स्पर्श केला, पण काचेवरून, टोकाने, श्वास रोखून. आता काचही नाही आणि पेन्सिलही नाही. ती काखेपासून सुरुवात करते, मग खांदा, मग मान, मग हनुवटीखाली येते, आणि मी छताकडे बघत पडून असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं झाली, नातवंडं झाली, आणि माझा गळा एवढ्या सावकाशीने तिने पूर्वी कधी पाहिला असेल असं वाटत नाही. मी एकदा तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, “पूर्वी तो सारखा बोलत असायचा. बघू कधी?” नंतर ती माझ्या तोंडाला तो पट्टा बांधते, हनुवटीखालून डोक्यावर जाणारा, ज्याला मी मुसकं म्हणतो आणि ती दागिना म्हणते. मुसकं बांधून मी टीव्ही बघत बसतो. नातू येतो आणि माझ्या मांडीवर बसून विचारतो, आजोबा, तुमचा दात दुखतो का? मी मान हलवतो. रोज मी हलवतो, रोज तो विचारतो. हे सगळं मला आवडतं हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण आवडतं.

पट्टी गळ्याला लागली तेव्हा मी याच सुखात होतो. टेपवाली पट्टी नुसती टेकवते, आवळत नाही. एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत. मग वरची रेघ, मधली, खालची. प्रत्येक माप दोनदा. तिने आकडे संगणकात घातले आणि पडद्याकडे बघत राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती, पण फोटोग्राफरला पाठ पुरते. खांदे किंचित वर गेले. ती वळली, पुन्हा पट्टी घेतली आणि पुन्हा कानापासून कानापर्यंत मोजलं. “काय झालं?” बायको म्हणाली. टेपवाली खोटं बोलणाऱ्यांपैकी नाही. तोंडातली जीभ इकडून तिकडे फिरवून ती म्हणाली, “काकू, माप वाढलंय. मागच्या वेळेपेक्षा सव्वा सेंटिमीटरने. गळ्याचंही वाढलंय.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी, “मऊ झालंय आणि वाढलंय. हे माझ्या डोक्यात बसत नाही.”

सव्वा सेंटिमीटर म्हणजे किती, हे मला विचारा. चाळीस वर्षं मी पासपोर्टचे फोटो कापले. सव्वा सेंटिमीटर म्हणजे फोटोच्या कडेला सोडलेली पांढरी पट्टी, जी कात्रीने उडवून मी टोपलीत टाकायचो आणि संध्याकाळी झाडून टाकायचो. तेवढ्या पट्टीने मला खुर्चीचे हात धरायला लावले. मागच्या वेळी माप दोन सेंटिमीटरने उतरलं होतं. आम्ही दोघं इथून निघून सरळ समोरच्या दुकानात गेलो होतो आणि उभ्याउभ्या आइस्क्रीम खाल्लं होतं, कारण आइस्क्रीम मला गिळता येतं. तिने दोन घेतली होती आणि मुलीला फोन करून, सेंटिमीटर मोठ्या आवाजात सांगून, दुकानदाराला आमच्या घरातल्या एकूण परिस्थितीची कल्पना दिली होती. उतरून पुन्हा चढली तर. डॉक्टरांचं ते वाक्य खोलीत येऊन आमच्यामध्ये बसलं आणि त्याच्याकडे कुणी बघेना. मी बायकोकडे पाहिलं. तिने पर्सची साखळी उघडली आणि बंद केली. मग मी खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं. किती चांगला उजेड होता. दहा वाजताचा, पडद्यातून गाळून आलेला, कुणाच्याही तोंडावर पडला तर त्या तोंडाचं भलं करणारा. मला वाटलं, मला हे सोडून जायचं नाहीये. इतकं साधं वाटलं, रांगेत उभं राहून आपला नंबर आल्यावर खिडकी बंद झाली की माणसाला वाटतं तसं. अजून खूप बघायचं राहिलंय हो. पाहिलेलंच पुन्हा बघायचं राहिलंय.

आणि अशा वेळी मन कुठे जाऊन बसतं बघा. मला आठवला तो माझा स्वतःचा फोटो. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे माझं कुणाशीतरी व्हायचं होतं आणि ती स्टुडिओत पगारावर निगेटिव्ह सुधारायला येत होती. घरून निरोप आला, मुलीकडच्यांना दाखवायला फोटो पाठव. मी दुकान बंद करून सेल्फ टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. गिऱ्हाइकांना शिकवायचो ते सगळं स्वतःवर केलं. मान पुढे काढायची, कासवासारखी, म्हणजे गळ्याचं कातडं ताणलं जातं. मग हनुवटी थोडी खाली. खांदे सोडायचे. डोळे कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथे आपलं उज्ज्वल भविष्य असतं. निगेटिव्ह तिच्या ढिगात सरकवून दिली, मुद्दाम, काही न बोलता. संध्याकाळी तिने ती कोरीच परत दिली. एक ठिपका नाही. मी खूश होऊन म्हटलं, “काहीच काढावं लागलं नाही?” ती म्हणाली, “काढू कशातून? यात माणूसच आला नाहीये.” आमच्या धंद्यात असं म्हणायची पद्धत होती. फोटो साधला की म्हणायचं, माणूस आला. नाही साधला, तर कपडे आले, खुर्ची आली, माणूस आला नाही. मला राग आला. बरेच दिवस तो टिकला. मग एकदा वैतागून मी म्हटलं, एवढं कळतं तर तूच काढ. ती कॅमेऱ्यामागे गेली आणि मी तिला दिवा किती डावीकडे हवा ते ओरडून सांगत असताना, तोंड उघडं, हात वर, गळ्याला दोन वळ्या, तिने खटका दाबला. तो फोटो कुठेही पाठवला नाही. पाठवायची गरजच पडली नाही.

“फोटो लावून बघते,” टेपवालीचा आवाज आला. “कुठे वाढलंय ते तरी कळेल.” तिने पडद्यावर माझे दोन चेहरे शेजारी शेजारी लावले. डावीकडे पहिल्या खेपेचा, उजवीकडे मागच्या खेपेचा, दोन्ही एका बाजूने घेतलेले. पहिल्यात मी इतका खचलेला होतो की मान खांद्यांवर नुसती ठेवून दिली होती. दुसऱ्यात मी बराच बरा दिसत होतो. खरं तर झकास दिसत होतो. बायको उठली. तिने चष्मा कपाळावर चढवला, कारण जवळचं बारीक बघायचं तर ती नेहमी चष्म्याशिवाय बघते, आणि पडद्याला नाक टेकेल इतकी वाकली. मी त्या वाकण्याकडे पाहिलं आणि मला ते काचेचं टेबल दिसलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. माझा जीव अर्धा झाला. पण ती वळली तेव्हा पदराने तोंड दाबून हसत होती.

“अहो,” ती म्हणाली, “अहो, तुम्ही पोझ दिलीत की!”

“कुणी?”

“तुम्ही! मागच्या खेपेला. बघ ग पोरी, हा बघ. मान पुढे, हनुवटी खाली. आणि डोळे बघ कुठे लागलेत. हा यांचा लग्नाच्या फोटोचा चेहरा आहे. जुना आहे माझ्या ओळखीचा!”

टेपवालीने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग बोट ठेवून कानाची पाळी कुठे आणि खांदा कुठे ते बघितलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. “गळा ताणून बसलात, काका! म्हणून माप कमी आलं. म्हणून तर अंगठा पण आत जाईना. ताणलेलं कातडं दाबलं मी.” मी म्हटलं, मला काही आठवत नाही. आणि खरंच आठवत नव्हतं. आठवायला ते मी थोडंच केलं होतं? पहिल्या खेपेला अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्या खेपेला थोडं बरं वाटत होतं, समोर कॅमेरा आला आणि मानेने आपलं आपण केलं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला करून दाखवत आलो, मान अशी, हनुवटी अशी, हं, तस्सं. फोटो झाले, मग त्याच ऐटीत मी मापंही दिली. आणि आज कॅमेरा भिंतीशी जेवत होता, आणि आल्या आल्या हिने मला हसवलं, म्हणून मी माणसासारखा बसलो होतो.

“चूक माझी पण आहे,” टेपवाली म्हणाली. “आता असं करू. तुम्ही मागच्यासारखी पोझ द्या. तीच. मी पुन्हा मोजते. खरं काय ते कळेल.” तिचा आवाज सांभाळून येत होता. मला कळत होतं, अजून काहीच झालेलं नाही. पोझ दिल्यावरही माप वाढलेलंच आलं, तर आत बघावं लागणार होतंच. मी खुर्चीत सावरून बसलो आणि पोझ द्यायला गेलो, तर पोझ येईना! मान पुढे काढली की खांदे वर जात, खांदे सोडले की हनुवटी कुठे ठेवावी ते सुचेना. जन्मभर ज्याच्या जिवावर पोट भरलं ते ऐन वेळी अंगातून पळून गेलं होतं. पोझ म्हणजे नेमकं काय असतं याचाच मला विसर पडला. तेव्हा बायको पुढे आली. रिकाम्या स्टँडच्या मागे जाऊन उभी राहिली, एक डोळा मिटला आणि माझ्याच आवाजात, हुबेहूब माझ्या दुकानातल्या आवाजात, ज्यात थोडा मस्का आणि थोडा दम असे, म्हणाली, “हं साहेब. इकडे बघा. मान जरा पुढे घ्या. आणखी. घाबरू नका, पडत नाही. हनुवटी थोडी खाली. थोडी म्हटलं! खांदे सोडा. आता समजा समोरून कुणी आवडतं माणूस येतंय.”

आणि अंग आपोआप जागेवर आलं. मान गेली, हनुवटी आली, खांदे उतरले. समोरून येणाऱ्या आवडत्या माणसाची कल्पना करायची गरज नव्हती. ते स्टँडमागे एक डोळा मिटून उभं होतं.

पट्टी गार लागली. कानापासून हनुवटीखालून कानापर्यंत. पट्टी सुटली, पुन्हा लागली. टेपवालीचं तोंड माझ्या इतक्या जवळ होतं की तिच्या पापण्या हलताना दिसत होत्या. ती आकडे पुटपुटत होती आणि मला ते ऐकायचे नव्हते. मी खिडकीकडे पाहिलं, उजेड तिथेच होता. मग ती मागे सरली, पट्टी तशीच बोटांत धरून. “कमी आहे,” ती म्हणाली. “काका, कमी आहे. मागच्या पोझपेक्षा एक सेंटिमीटरने कमी. आणि आत्ता तुम्ही नीट बसला होतात ते माप पहिल्या खेपेपेक्षाही कमीच आहे. उतरतंय!” बायकोने स्टँडचा एक पाय घट्ट धरला. “म्हणजे चढलंच नाही?” टेपवाली म्हणाली, “चढलं कुठलं! खरं तर मागच्या वेळी उतरलंच नव्हतं. उतरलं ते यावेळी. मोठ्या डॉक्टरांना मी सगळं कळवते, फोटोंसकट. पुढच्या वेळी डोकं भिंतीला टेकवून बसवणार मी तुम्हाला, चालबाजी बंद. पण आज मला विचाराल तर, आत बघायची काही गरज दिसत नाही.” तिने तो शब्द सहज उच्चारला, तिला काय माहीत. आमचा जीव भांड्यात पडला त्याचा आवाज बाहेरच्या रांगेतल्यांनासुद्धा ऐकू गेला असेल. बायको मटकन पलंगावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे मागच्या वेळचं आइस्क्रीम फुकट गेलं.” मी म्हटलं, “झालेला आनंद कुणी परत मागत नाही. आज पुन्हा खाऊ. आज हक्काचं खाऊ.” ती म्हणाली, “तुम्ही तेव्हा मलासुद्धा फसवलंत हो. दोन महिने रोज हात फिरवतेय त्या मानेवरून आणि मला कळलं नाही.” मी म्हटलं, “तुझ्यापुढे कधी पोझ दिलीय का मी?” यावर तिचा पदर नाकाला लागला, हे मी पाहिलं.

आता राहिला फोटो. कॅमेऱ्याचं पोट भरलं होतं. टेपवालीने तो स्टँडवर चढवला, आणि काच माझ्याकडे वळली मात्र, माझी मान निघाली पुढे! मी मागे घेतली, ती पुन्हा निघाली. मघाशी बोलावून येत नव्हती, आता हाकलून जात नव्हती. “साधे बसा काका,” टेपवाली म्हणाली. मी साधेपणाची पोझ घेतली. बायको म्हणाली, “ही त्याहून वाईट.” दोनतीन वेळा असं झाल्यावर टेपवालीने हात टेकले. बायकोने तिला हळूच बाजूला केलं. “कुठलं बटण?” तिने विचारलं, आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवून कॅमेऱ्यामागे वाकली. मला राहवेना. मी म्हटलं, “अग, खिडकी तुझ्या उजवीकडे आहे. स्टँड थोडा उजवीकडे घे, नाहीतर अर्धं तोंड काळं येईल. अजून. अग तिकडे नाही, उजवीकडे, तुझा उजवा हात कुठला, जेवतेस तो...”

खट् असा आवाज झाला.

ती कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला तिचा चेहरा उलट्या बाजूने दिसत होता, कपाळावर चष्मा, त्याच्या काचांत खिडकीचे दोन तुकडे. मला माहीत होतं तिथे काय असणार. तोंड उघडं. हात वर. टाक्यांची रेघ, पेन्सिलीचे ठिपके, हनुवटीखालचं ते पाणी, जेवढं उरलंय तेवढं सगळंच्या सगळं. डोळ्यांखालची वर्तुळं. चाळीस वर्षं तिने जे जे लोकांच्या तोंडावरून घालवलं ते सारं एकाच ठिकाणी गोळा झालेलं. मी म्हटलं, “काय काय काढावं लागेल?”

तिने चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला. “काही नाही,” ती म्हणाली. “माणूस आलाय.”